एका बाजूची धार

पहिल्याच छेदाला कळलं. काडीवरून डोळा निघायला हवा तो सपाट, नखाएवढा, सालीसकट अलगद. हा निघाला वाटीसारखा. मध्ये खोल, कडांना वर आलेला. पातं नको तिथे लाकडात बुडालं आणि नको तिथून वर आलं. एक डोळा फुकट गेला. मी काडी ओल्या फडक्यावर ठेवली, चाकू गॅलरीच्या कठड्याशी उजेडात धरला आणि बघतच राहिले. पात्याच्या दोन्ही बाजूंना उतार होता. बावीस वर्षं जी बाजू आरशासारखी सपाट होती, तिच्यावरसुद्धा एक नेटका, सरळ, मन लावून काढलेला उतार होता, आणि तो कुणी काढला असेल हे विचारायची गरज नव्हती, कारण इतकं सरळ काम आमच्या घरात एकच माणूस करतो.

“अहो!” मी हाक मारली.

हे हातात कप घेऊन गॅलरीत आले. चेहरा असा, की आता शाबासकी मिळणार. “बघितलंस? मी म्हटलं, सांगायचं नाही, हिला आपोआप कळेल. काल रात्री तू झोपलीस ना, तेव्हा केलं. तास लागला चांगला. अगं, इतकी वर्षं तू अर्धाच चाकू वापरत होतीस! धार एका बाजूला झुकलेली. मी मध्यावर आणली.”

मध्यावर आणली. आमचे हे म्हणजे वजनमाप खात्यातले निरीक्षक. मागच्या वर्षी निवृत्त झाले, पण खातं काही यांच्यातून निवृत्त झालं नाही. चौतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले. काटा केसभर कलला तरी हे तिथून हलायचे नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर, दारातल्या चपला, टेबलावरचे चमचे, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, जे जे म्हणून तिरकं दिसेल ते हे जाता जाता बोटाने सरळ करतात, आणि करताना बोलणं चालूच असतं, म्हणजे ते आपण करतोय हेही त्यांना कळत नसावं. स्वभावाने देवमाणूस. कुणाला वाकडा शब्द नाही, माझ्यावर आवाज चढवल्याचं आठवत नाही. आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे. भांडायला निदान समोर दुष्ट माणूस तरी हवा. देवमाणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, आणि वर भिंतीनेच विचारायचं, लागलं का गं?

मी शहराच्या उद्यान खात्याच्या रोपवाटिकेत गुलाबांचे डोळे भरते. बावीस वर्षं हेच काम. चांगल्या गुलाबाच्या काडीवर पानाच्या बेचक्यात एक बारीक फुगीर ठिपका असतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो. तो सालीसकट काढायचा, जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरून तिच्या आत सरकवायचा, वरून पट्टी बांधायची. दोन्हींच्या सालीखालचा ओला हिरवा थर एकमेकांना चिकटला तर तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहतो आणि त्यातून नवं झाड निघतं. मध्ये केसाएवढी फट राहिली तर काळा पडतो. सगळं त्या एका छेदावर आहे. छेद सपाट हवा, म्हणून या चाकूला धार एकाच बाजूने असते. सपाट बाजू लाकडावरून सरकते, उतार बाहेरच्या अंगाला राहतो. उजव्या हाताने कापणाऱ्याचा उतार एका बाजूला, डाव्या हाताने कापणाऱ्याचा दुसऱ्या. मी डावरी. जगात उजवे चाकू ढिगाने मिळतात. डावा माझ्याकडे एक होता, घडीचा, करंगळीपेक्षा थोडं लांब पातं. तो बावीस वर्षं रोज माझ्या डाव्या खिशात होता. कामावर, बाजारात, लग्नकार्यात, सासूबाई गेल्या तेव्हा इस्पितळातसुद्धा. त्याने मी कधी दोरा कापला नाही, फळ कापलं नाही, खोका उघडला नाही. कुणी “जरा चाकू आहे का हो तुमच्याकडे?” म्हटलं की मी बेधडक नाही म्हणायचे, आणि खिशातल्या खिशात त्याच्यावर हात ठेवायचे.

“ही धार एकाच बाजूची असते,” मी म्हटलं.

“असते म्हणजे? कुणी सांगितलं?”

“मी सांगते आहे.”

“बरं, मग असेल.” हे जरा बावरले. “पण हे तू आधी बोलली नाहीस कधी. हवी तर ती बाजू परत घासून देतो.”

“लोखंड उरलंय का त्यात घासायला? बावीस वर्षांत झिजून अर्धं झालं होतं ते पातं. उरलेलं तुम्ही खाल्लंत. मी डावरी आहे, एवढं तरी...”

“तू डावरी आहेस हे काय मला माहीत नाही? पण चाकू कुठे डावरा असतो?”

ते हे अगदी निर्मळपणे म्हणाले. चिडून नाही, टोमणा मारून नाही. एखाद्या लहान मुलीला समजवावं तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चाकू मिटला, पर्स उचलली, फ्रिज उघडून डबा एकदा बघितला आणि चपला घालून बाहेर पडले. मागून हे म्हणत होते, “अगं, खाऊन तरी जा.”

फ्रिजमधल्या डब्यात, ओल्या फडक्यात, सहा काड्या होत्या. एकेकीवर भरण्याजोगा डोळा एकच, आणि सातवीचा मी आत्ताच नासवला होता. रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीला एक पांढरा गुलाब होता, पांढरा म्हणजे कडेला पांढरा आणि आत उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा फिका. आमच्या जुन्या हेडमाळ्यांनी तो स्वतः बी धरून वाढवलेला. त्याला पाटी नाही, नाव नाही, वहीत नोंद नाही. दुसरं झाड कुठे नाही. दरवर्षी म्हणायचे, यंदा याचे डोळे भरून ठेवू, आणि दरवर्षी वरून हुकूम यायचा की चौकात लावायला लाल हवेत, पाचशे लाल द्या. लालमध्ये पांढरा राहून गेला. गुरुवारी सकाळी कामावर गेले तर भिंत नव्हती. गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून रात्रीतून यंत्र घातलेलं, आणि झाड मुळं वर करून राडारोड्यावर पडलेलं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, “बाई, एक झुडूप गेलं तर काय एवढं.” मी त्याच चाकूने त्या पडलेल्या झाडाच्या जेवढ्या जगतील तेवढ्या काड्या काढल्या. सात. आठ कुंड्यांमधले खुंट रिक्षात घालून घरी आणले, कारण रोपवाटिकेत धुळीशिवाय काही उरलं नव्हतं. काडी थंडाव्यात तीन दिवस टिकते, फार तर चार. कामावर राडारोडा उपसत दोन दिवस अंधार पडल्यावरच घरी आले; आज शनिवार, सुट्टीचा. आज संध्याकाळपर्यंत डोळे भरले नाहीत तर तो गुलाब या पृथ्वीवरून गेला, आणि तो गेला हे कळणारं माणूसही माझ्याशिवाय कुणी नाही.

रस्त्यावर ऊन होतं. मी भराभर चालत होते आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य चालत होतं, चाकू कुठे डावरा असतो. असतो. कात्री डावरी असते, डबा उघडायचं यंत्र डावरं असतं, पळी डावरी असते; आमच्या घरातली उजवी, तिचं टोक एकाच बाजूला काढलेलं असतं आणि माझ्या हातात आली की आमटी मनगटावर ओतते. तुम्ही उजवे आहात म्हणून तुम्हाला वाटतं की वस्तूंना बाजू नसते. सगळं जग तुमच्या हाताच्या मापाचं शिवलेलं आणि तुम्हाला शिवणही दिसत नाही. भाषासुद्धा यांचीच. जो सरस तो उजवा. ज्याला बाजूला सारलं त्याला डावललं. आणि सोपं काम असलं की डाव्या हाताचा खेळ! माझ्या डाव्या हाताने हजारो झाडं जगवली, तो खेळ नाही. मी हे सगळं बहुधा तोंडातल्या तोंडात बोलत असणार, कारण समोरून येणारी एक बाई थोडी बाजूने गेली.

लहानपणी मला कुणी मारलं नाही, हात बांधून ठेवला नाही. तशा गोष्टी ऐकते तेव्हा मला त्या मुलांचा हेवा वाटतो, कारण त्यांना निदान कळलं की आपल्यावर काही होतंय. माझी मावशी होती, आईच्या मागे तिनेच मला वाढवलं. जेवताना मी डाव्या हातात चमचा धरला की ती काही बोलायची नाही. समोरच्याशी हसून बोलता बोलता माझ्या हातातला चमचा काढायची, उजव्या हातात ठेवायची, बोटं मिटवायची, आणि वरून एक थोपटायची. त्या थोपटण्यात इतकं प्रेम असायचं की मला रडताही यायचं नाही. ती दुसरीकडे बघायला लागली की मी चमचा परत डावीकडे घ्यायचे. वर्षानुवर्षं आमचं हे चाललं, एकदाही शब्द न बोलता. शाळेत बाईंनी पेन्सिल बदलली, तीही गोडीगुलाबीने, आणि तिथे मात्र मी हरले. आजही लिहिते उजव्या हाताने, आणि माझी सही बघितली की मला ती दुसऱ्याच कुणाची वाटते. माझ्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी माझा हात दुरुस्त केला ती सगळी भली माणसं होती. एकालाही मी शिवी देऊ शकत नाही. आता या वयात मला तोच राग येतो, की तुम्ही मला रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत.

वाटेतच शेतीच्या अवजारांच्या दुकानात फोन लावला. कलमाचे चाकू आहेत का विचारलं. आहेत म्हणाला, तीन प्रकारचे. डावा आहे का विचारलं. “ताई, डावा म्हणजे?” मी सांगितलं. “नाही ताई, तसा प्रकार नसतो. सगळे हाच वापरतात. सवयीने जमतं.” मी फोन बंद केला. सवयीने जमतं! उजव्या चाकूचा डावा करायचा म्हणजे आधी त्याची होती ती धार पूर्ण खाऊन टाकायची, मग दुसऱ्या अंगाने नवी काढायची. दोन दिवसांचं काम, आणि माझ्याकडे एक संध्याकाळ. कामावरच्या पाचही जणांचे चाकू उजवे.

पहिल्या महिन्यात मलाही उजवाच दिला होता. मी भरलेले सगळे डोळे काळे पडले. चाळीसच्या चाळीस. बाकीचे म्हणाले, हिचा हात लागत नाही, काहींचा लागतच नाही. मी ते खरं मानलं, कारण आपला हात चुकीचा आहे हे मला फार आधीपासून पाठ होतं. हेडमाळी दोन दिवस माझ्या मागे उभे राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून चाकू घेतला, उलटा केला, परत सुलटा केला, आणि कपाळावर हात मारून म्हणाले, “अरे, हा उजवा आहे! गाढव मी.” एवढंच. त्यांनी कारखान्याला पत्र लिहून माझ्यासाठी डावा मागवला. तो कारखाना बंद पडून आता पंधरा वर्षं झाली. पण चाकूपेक्षा मला ते वाक्यच मिळालं होतं. चूक माझ्या हातात नाही, चाकूत आहे, आणि गाढव मी नाही, असं मला बत्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन हे यांना सांगितलं होतं. नक्की सांगितलं होतं. तेव्हा हे एका स्प्रिंगच्या काट्याचं काहीतरी वाचत होते, आणि म्हणाले, “वा, छान झालं.”

चाकू-कात्र्यांचं दुकान मंडईच्या मागच्या गल्लीत आहे. लांबट, अरुंद, काचेच्या कपाटांचं. दुकानदार टक्कल पडलेला, गळ्यात चष्मा अडकवलेला गृहस्थ, अत्यंत अगत्यशील. “या ताई. काय दाखवू?”

“घडीचा चाकू. रोज खिशात ठेवायचा.”

“साहेबांसाठी ना? वाढदिवस?”

“माझ्यासाठी.”

“अच्छा, मग हा बघा,” म्हणून त्याने एक गुलाबी मुठीचा काढला, बोटाएवढा. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तो मुकाट्याने परत ठेवला आणि खरे चाकू काढायला लागला. त्याचं कौतुक करायला हवं, त्याला माल माहीत होता. एकेक चाकू उघडून मखमलीवर ठेवत गेला. हा अंगठ्याने उघडतो, एका हातात, बघा. मी डाव्या हातात घेतला. अंगठ्याला हवी ती खुंटी पात्याच्या पलीकडच्या अंगाला. हा उघडल्यावर आत पट्टी अडकते, बोटावर मिटत नाही. ती पट्टी अंगठ्याने सारायची, उजव्या अंगठ्याने. माझ्या हातात ती सारायची तर तर्जनी पात्याच्या वाटेत ठेवावी लागते. याला खिशाला अडकवायची क्लिप आहे, पण ती उजव्या खिशाला. याला नुसती नखाने ओढायची खाच, पण खाच त्याच अंगाला. मी एकेक घ्यायचे, फिरवायचे, ठेवायचे. मखमलीवर अठरा-वीस चाकू उघडे पडले होते, लाकडी मुठीचे, शिंगासारख्या दिसणाऱ्या मुठीचे, काळे, चंदेरी, आणि त्यांतला एकही मला उद्देशून बनवलेला नव्हता. लग्नाला जावं आणि सगळ्या पंगतीत आपल्या नावाचं पान नसावं, तसं झालं मला.

“ताई, तुम्हाला नेमकं काय हवंय?” त्याने शेवटी विचारलं. कंटाळून नाही, खरोखरच कळावं म्हणून.

“मुठीला कुलूप पाठीवर असलेला. म्हणजे कुठल्याही हाताने मिटेल असा. साधं पोलाद, न गंजणारं नको. त्याला धार चांगली चढत नाही. टोक सरळ. जाड पातं नको. आणि धार एका बाजूची, डाव्या अंगाची.”

“कुलूप, पोलाद, सगळं देतो. धार तशी नाही मिळणार.” त्याने मान हलवली. मग काहीतरी आठवून खालच्या फडताळातून एक पुठ्ठ्याची पेटी काढली. “तुम्ही म्हणता तसा एक आहे खरा. पण देण्यासारखा नाही. परत पाठवायचाय. कारखान्यात धार लावायचीच राहून गेली.”

मी पेटी उघडली. तपकिरी लाकडाची मूठ, हाताच्या घामाने अजून काळी न पडलेली. पाठीवर दाबायचं कुलूप. पातं ओढलं तर कटकन उघडलं आणि थांबलं, न हलता. पात्याची कड मी अंगठ्यावर घासली. काहीच झालं नाही. ती कड फुटपट्टीच्या कडेसारखी बोथट होती. दोन्ही अंगांना सपाट. या चाकूबद्दल अजून कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

“हाच द्या,” मी म्हटलं.

“अहो, पण धार नाही याला!”

“म्हणूनच.”

त्याला वाटलं मी संकोचाने बोलतेय. चांगल्या माणसाला असंच वाटतं. “छे छे, असा कसा देईन? बिनधारेचा चाकू दुकानातून गेला तर अब्रू जायची माझी. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे नको त्याचे.” आणि मी काही म्हणायच्या आत त्याने माझ्या हातातून चाकू घेतला, अगदी हळुवार घेतला, मागे वळला, आणि कोपऱ्यातल्या चाकाचं बटण दाबलं. चाक गुर्र करून फिरायला लागलं. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. पातं चाकाकडे नेताना त्याचं मनगट ज्या बाजूला वळलं ती बाजू मी ओळखली. जन्मभर ओळखते.

“हात लावू नका त्याला!”

मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी कधी कुणावर ओरडले नव्हते, साहेबांवर नाही, यांच्यावर नाही, मावशीवर तर नाहीच. दाराशी कात्री बघत उभं असलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. मी गल्ल्याच्या फळीवरून हात लांब करून त्याचं मनगट धरलं होतं. चाक फिरत होतं, आणि आम्ही दोघं तसेच.

“ताई, मी तुमच्या भल्यासाठीच...”

“भल्यासाठीच करतात सगळे! द्या तो इकडे. मला नकोय तुमचं भलं. मला बोथट चाकू हवाय, पूर्ण किमतीत हवाय, आणि त्याला तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही मला संताप आला, कारण बाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की लोकांना वाटतं ती दुखावलीये. मी दुखावले नव्हते. मी चिडले होते. त्याने चाक बंद केलं, चाकू पेटीत ठेवला, पेटी पिशवीत, आणि पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, एखाद्या आजारी माणसाला औषध द्यावं तशी. बिचारा. बाहेर पडल्यावर मला त्या ओरडण्याची थोडी लाज वाटली, पण थोडीच.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं, चमचा ताटाला समांतर. मी ताटाकडे न बघता धारेचे दोन्ही दगड काढले, खरखरीत आणि मऊ, गॅलरीत मांडी घालून बसले, पाणी शिंपडलं आणि पातं टेकवलं. एक अंग आडवं, पूर्ण सपाट, फक्त आरसा होईस्तोवर. दुसरं अंग तिरकं, नखाच्या जाडीएवढं उचलून. पुढे, मागे. दगडावरून करडं पाणी ओघळत होतं. तास झाला असेल. बोटांना गोळे येत होते. हे दारात येऊन उभे राहिले.

“रागावलीस?”

“हो.”

असं सरळ उत्तर यांना अपेक्षित नसावं. आमच्याकडे ‘नाही’ म्हणायची पद्धत आहे. हे तिथेच उभे राहिले. “मला खरंच कळलं नाही गं. तू सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं होतं. बावीस वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणालात, वा, छान झालं.”

“मला आठवत नाही.”

“मला माहितीये तुम्हाला आठवत नाही. तुम्हाला रस्त्यातल्या प्रत्येक किराणावाल्याच्या तराजूचा दोष आठवतो. कुणाचा काटा किती कलता आणि कुठल्या साली, तोंडपाठ. मी अठ्ठावीस वर्षं तुमच्या घरात आहे. तुम्ही माझ्यात काय तपासलंत? जे तिरकं दिसलं ते सरळ केलंत, झालं. ते तिरकं का आहे, एकदा विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला? तो चाकू झुकलेला नव्हता हो. तो माझ्याकडे होता.”

हात थांबला होता माझा, तो मी परत चालू केला. देवमाणसाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो आत जाऊन चहा करतो. मी त्याचीच वाट बघत होते. पण हे गेले नाहीत. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डब्यातलं फडकं सुकलं होतं. तू गेल्यावर मी ओलं केलं. काड्यांना हात नाही लावला.”

मी वर बघितलं नाही. साडेचारला पातं केस कापायला लागलं. मनगटावरची लव त्याने एका फटक्यात काढली. मी डबा आणला, पहिली काडी घेतली आणि श्वास धरून छेद दिला. डोळा सपाट निघाला. पाठ अशी, की तिच्यात आकाश दिसावं. माझ्या तोंडून काय आवाज निघाला कुणास ठाऊक, पण हे एकदम पुढे आले.

“मी काही धरू का?”

खरं म्हणजे या कामाला दुसरा हात लागत नाही. पण उजेड उतरत होता, सहा काड्या आणि आठ खुंट होते, आणि बोटं दगडाने बधिर झाली होती. “खुंट धरा,” मी म्हटलं. “बुडापाशी. आणि सरळ करू नका. जसा वाकडा आहे तसा धरा.”

हे आतून बुटकं स्टूल घेऊन आले आणि माझ्या डाव्या बाजूला बसले. पहिला खुंट नेमका चांगलाच कललेला होता. यांची बोटं त्याच्यावर गेली, आणि मी बघितलं, ती बोटं अवघडली, एखाद्याला शिंक दाबायला सांगावं तशी. पण यांनी तो जसा होता तसा धरला. मी साल चिरली, आडवी आणि उभी, पात्याच्या टोकाने दोन पाकळ्या उचलल्या आणि डोळा आत सरकवायला घेतला. अर्धा आत गेला असेल, तेव्हा माझं डावं कोपर यांच्या उजव्या कोपराला लागलं.

हे रोज लागतं. जेवायला आम्ही शेजारी बसतो, हे असेच माझ्या डावीकडे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यांच्या चमच्यातलं दोनदा सांडलं. “टेबल लहान आहे आपलं,” असं म्हणून हे हसले होते. तेव्हापासून मी कोपर बरगडीशी आवळून जेवते. टेबल दोनदा बदललं, घर बदललं; कोपर तिथेच. आता तर ते कुणी सांगायच्या आधी आपलं आपण आत जातं. आत्ताही निघालंच होतं.

मी ते थांबवलं. बाहेरच ठेवलं, पूर्ण, जिथे त्याला काम करायला जागा हवी होती तिथे. डोळा अर्धा आत होता, हात हलवून चालणार नव्हतं. यांनी एकदा कोपराकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. मी माफी मागितली नाही. खाली बघून तसंच काम करत राहिले.

मग खुंट हातातून न सोडता, एका हाताने स्टूल ओढत, हे पलीकडे सरकले.